पाटावर बसलेला मी

माझ्या सासुरवाडीचा आवडता जावई हुबेहूब माझ्यासारखा दिसतो, पण तो मी नाही.

नेरूळला आमच्या वरच्या मजल्यावर राघवन राहतात. माझ्याच वयाचे, माझ्याच अंगाचे. तोच काळ्या काड्यांचा चष्मा, आणि डोक्यावर केसही माझ्याइतकेच शिल्लक. (वॉचमन त्यांचं पार्सल बिनदिक्कत माझ्या हातात देतो.) मेव्हण्याच्या हळदीच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला एक तमिळ सिनेमा बघायला बोलावलं. विषय माणसाची नक्कल बनवण्याचा, आणि म्हणे विनोदी! एक कारकून ऑफिसात पाठवायला स्वतःची नक्कल करून घेतो. नक्कल आधी त्याच्या खुर्चीत बसते, मग त्याच्या ताटावर, मग त्याची आईही तिलाच आग्रह करकरून वाढू लागते. शेवटी खरा माणूस स्वतःच्याच दाराची बेल वाजवतो, तर बायको दार उघडून विचारते, कोण हवंय?

राघवन आधी पोटभर हसायचे आणि मग हिंदीत अर्थ सांगायचे. माझी बायको सुनीता अर्थ कळायच्या आतच हसत होती. मला मात्र एकदाही हसू आलं नाही. जिना उतरताना मी दोनदा मागे वळून पाहिलं.

सुनीता शिरवण्याची, म्हणजे जवळच्याच आगरी गावातली. तिच्या माहेरी हळदीला घरातले सगळे पुरुष एकाच ठाणातल्या कापडाचे शर्ट घालतात. सासरेबुवांनी या खेपेला हिरव्या रंगावर पिवळे पोपट पसंत केले होते, आणि आमचे शेजारी म्हणून आमंत्रणाबरोबर राघवननाही एक शर्ट धाडला होता. हळदीला जावयाला पाटावर बसवून टोपी, टॉवेल, नारळ देतात. तो मान मला आजवर मिळालेला नव्हता. थोरल्या मेव्हणीच्या हळदीला मी तळोज्याला कारखान्यात अडकलो होतो, आणि तेव्हापासून घाटावरचा जावई माणसात मिसळत नाही, असं गावभर झालं होतं. सुनीताला ते फार लागायचं.

"आज तरी पाटावर बस," ती निघताना म्हणाली. "माझ्यासाठी बस. परत सांगणार नाही."

मी बसणारच होतो. पण पाट मांडायच्या आधी बायकांनी हळदीचं पातेलं घेऊन पुरुषांवर चाल केली. मी जरा टापटिपीचा माणूस आहे. (सुनीता याला वेगळा शब्द वापरते.) कानात, चष्म्यावर, पोपटांवर हळद गेल्यावर मला राहवेना. घर दहा मिनिटांवर. गुपचूप रिक्षा केली, साबण लावून आंघोळ केली, पांढराशुभ्र शर्ट घातला आणि परत आलो.

मांडवात शिरलो आणि थबकलो. दुपारचं ऊन असूनही आत पिवळट अंधार होता. वीज गेल्यामुळे डीजे बंद, पंखे बंद. इतक्या माणसांत चमच्याचाही आवाज नव्हता. सगळे एकदम माझ्याकडे वळले. एकसारखे हिरवे शर्ट, एकसारखे पिवळे चेहरे. चेहऱ्यांत फक्त डोळे हलत होते.

एका पिवळ्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोन पायजे तुमाला?"

ते माझे चुलतसासरे असावेत. मी म्हणालो, मी जावई. त्यांनी मान हलवली आणि मांडवाच्या मधोमध बोट दाखवलं. "जावय तं थय बसलंय."

तिथे पाटावर मी बसलो होतो.

माझी पाठ, टोपीखालून डोकावणारं माझं टक्कल, कानामागे माझ्याच चष्म्याच्या काड्या. गळ्यात टॉवेल, मांडीवर नारळ. सासूबाई त्याला लाडू भरवत होत्या. आणि सुनीता मागे उभी राहून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणत होती, "किती शहाण्यासारखा बसलायस आज."

असं ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त वाईट वाटलं.

"सुनीता," मी कसाबसा म्हणालो.

तिने वर पाहिलं. मग खाली पाहिलं. मग खांद्यावरचा हात तव्याला लागल्यासारखा उचलला. पाटावरचा मी सावकाश वळला. पिवळ्या चेहऱ्यात दात चमकले आणि तो लाडूभरल्या तोंडाने म्हणाला, "आइए, आइए! बहुत अच्छे लोग हैं!"

राघवन! बिचाऱ्यांना वाटलं, इथे पाहुण्याचं असंच करतात. बस म्हटलं बसले, खा म्हटलं खाल्लं, हळद लावली तर त्यांनी दुसरा गालही पुढे केला. मराठी येत नसल्यामुळे एका शब्दाने उलटून बोलले नाहीत. सगळ्यांचं एकमत होतं की जावई यंदा फार सुधारला.

मी सासूबाईंना घडलेला घोटाळा समजावून सांगितला. त्यांनी माझ्या पांढऱ्या शर्टाकडे एकदा आणि राघवनच्या पिवळ्या गालांकडे एकदा बघितलं.

"दिलेला मान काडून घेत नाय," त्या म्हणाल्या. "ऱ्हावदे त्यांनाच."

सुनीता दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आठवून एकटीच हसत सुटली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

परवा सासूबाईंचा फोन आला. धाकट्या मेव्हणीचा साखरपुडा आहे, जावयांना नीट घेऊन या म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि वर राघवनना सांगायला निघालो, तेवढ्यात फोनवर सासूबाईंना काहीतरी आठवलं.

"आन गाडीत जागा ऱ्हायली तं तुमीपन या."