"गॅसच हाय, ताई!"

पोटाच्या डॉक्टरला किस्से शोधावे लागत नाहीत, ते नंबर लावून येतात. माझी ओपीडी अमरावतीत, गुरुवारी अकोल्यात. दोन्हीकडे तक्रार एकच: मुरडा, पोट फुगणं, वेळी-अवेळी संडासला पळणं. निदानही पेशंट घरूनच करून आणतो, "गॅस हाय, ताई!" आता हीच लक्षणं दूध न पचण्याची, हीच नाजूक आतड्याची, हीच आतड्यातल्या जखमांची आणि हीच कॅन्सरचीही. म्हणून मी प्रत्येकाला विचारते: रक्त पडतं का? वजन उतरलं का? झोपेतून उठून जावं लागतं का? पहिल्या प्रश्नालाच माणसं पंख्याकडे बघायला लागतात.

*

अकोल्याच्या एका बँकेतल्या साहेबांना दूध पचत नव्हतं. बंद केलं आणि ठणठणीत झाले. मग एक दिवस पोट धरून हजर! चिखलदऱ्याला जाऊन आले होते.

"काय खाल्लं?"

"काहीच नाही. वाटेत थोडी रबडी."

"अहो, दूध बंद सांगितलं होतं ना?"

साहेबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मॅडम, रबडीत दूध राहते कुठं? आटून जाते ना सगळं!"

हा माणूस बँकेत व्याज कसं काढत असेल, देव जाणे.

*

अचलपूरची एक सून. घरी पाहुणे आले की हिचं पोट बिघडलंच. सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. नाजूक आतडं, म्हणजे आयबीएस. मी खुशीत म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल!" तर ती रडायलाच लागली.

"नॉर्मल नका म्हणू ताई! सासू म्हणते, नाटक करून राहिली."

माझं डोकंच फिरलं. सासूबाईंना आत बोलावून चांगलं सुनावलं: आजार खरा आहे, रिपोर्टात दिसत नाही एवढंच. ताणानं वाढतो, कामं वाटून घ्या. त्या मान डोलावत गेल्या.

पुढच्या आठवड्यात एकट्याच आल्या. "ताई, मलेबी तेच झालं. पाहुणे आले का दुखते. जरा सुनेले समजावून सांगा ना!"

*

आमच्या बाहेरच्या बाकावर तर दुसरीच ओपीडी चालते. तिवशाचे श्यामराव, रिटायर्ड मास्तर, शेजाऱ्याला सोबत म्हणून यायचे. शेजाऱ्याला आयबीएस. "माह्यं बी सेम टू सेम!" म्हणत त्याच्या गोळ्यांची अर्धी पट्टी कापून घ्यायचे आणि माझ्या दारातून परत जायचे. शेवटी शांताबाईंनी, त्यांच्या बायकोनं, हाताला धरून आत आणलं. शर्ट अंगात नुसता लोंबत होता.

आमच्याकडे रीत अशी, की डॉक्टर बाई असली तर नवऱ्याच्या पोटाचं बायकोनं सांगायचं.

"यायले गॅस हाय," शांताबाई म्हणाल्या.

"रक्त पडतं?"

दोघंही पंख्याकडे बघायला लागले!

श्यामरावांनी बायकोला पाणी आणायला पिटाळलं आणि कुजबुजले, "पडते. लई दिवस झाले. माह्या मोठ्या भावाले असंच झालं होतं, कॅन्सर निघाला. हिले नका सांगू ताई, हिचा जीव जाईन."



दुर्बिणीच्या तपासणीसाठी ते आत गेले, तशा शांताबाई माझ्या कानाशी आल्या. "रक्त हाय, ताई. संडास मीच धुतो, मले दिसते. पण मले मालूम हाय हे यायले नका सांगू. हिंमत हारतीन."

आतड्यातून तपासायला काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. दोघांना समोर बसवून सांगितलं: कॅन्सर नाही. आतड्याला सूज आहे, जखमा आहेत. औषध कायम चालेल, शेजाऱ्याच्या गोळ्या बंद, पण घाबरायचं कारण नाही.

श्यामरावांनी चष्मा काढला, बायकोच्या पदरानं पुसला, परत लावला आणि खाकरले.

"पाह्य! मी म्हणत नोतो काय तुले? गॅसच हाय!"

शांताबाईंनी त्याच पदरानं डोळे टिपले.

"हो ना. मले त पयलेपासूनच मालूम होतं!"