मानवंदनेच्या वेळी बसलेले वडील

दिवाळीत फटाक्यांच्या दारूचा वास आला की मला आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा अंत्यविधी आठवतो. वडील तीस वर्षं त्यांचे कार्यकर्ते होते, आणि थोरल्या भावाची नोकरी त्यांच्याच सूतगिरणीतल्या संपात गेली होती. तिरंग्यात गुंडाळलेलं पार्थिव, पंचगंगेकडून येणारा दमट वारा, पुढे बायकांचा आक्रोश, आणि मागे कुणीतरी म्हणत होतं, “गिरणी बुडवली, आन् वर सलामी!” बिगुल वाजताच सगळे उठले, भाऊ बसूनच राहिला. पोलिसांनी हवेत पहिली फैर झाडली तसे दोन तरणे कार्यकर्ते त्याच्यावर धावून आले. “ए, ऊठ की! मेलेल्या माणसाचा तरी मान ठेव!” “मी न्हाय उठणार,” भाऊ म्हणाला. त्यांनी त्याची कॉलर धरली, तेव्हा रडत उभे असलेले वडील त्याच्याशेजारी मातीत बसले. “आता मलाबी उठवा,” म्हणाले. पोरांचे हात सुटले. उरलेल्या दोन फैरी वडिलांनी मान खाली घालून बसूनच ऐकल्या. पुढे पक्षाचं कुणीही आमच्या दारात आलं नाही, तरी बोलावणं येईल म्हणून वडील रोज संध्याकाळी धुतलेला सदरा घालून कट्ट्यावर बसायचे. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाचा आहे. माझ्या पोरांसाठी मीही असा खाली बसेन. पण नंतरच्या तशा संध्याकाळी मला सोसतील का, ते माहीत नाही.