चवीचा रकाना

विद्यापीठ जवळ आलं त्याचा मला झालेला पहिला फायदा म्हणजे रागवायला जवळपास कोणीतरी मिळालं. त्याआधी आमच्या दोन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं नागपूरला जोडलेली होती. मार्कशीटवर आईचं नाव चुकलं की गडचिरोलीच्या स्टँडवरून पहाटेची एसटी पकडायची आणि मनात भांडणाची वाक्यं जुळवत निघायचं. उमरेड येईतो राग थंड व्हायचा, नागपूरला उतरेपर्यंत नुसती भूक उरायची. खिडकीपाशी मी कायम अत्यंत नम्र माणूस म्हणूनच पोचलो.

मग गडचिरोलीला वेगळं विद्यापीठ झालं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांचा एका सहीपायी दिवस जाऊ नये, हे त्यामागचं एक कारण. दुसरं कारण मला जास्त आवडायचं. इथल्या जंगलाचं आणि इथल्या माणसांचं जे ज्ञान आहे ते इथल्या वर्गात शिकवलं जावं, असं सगळे भाषणांत सांगत. मी आलापल्लीच्या पुढच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. वनोपजावर नवा पेपर काढायचं ठरलं तेव्हा समितीत मला घेतलं. यात माझ्या विद्वत्तेचा काही संबंध नव्हता. जंगलाकडच्या कॉलेजांपैकी त्या दिवशी फक्त माझा फोन लागला होता.

पेपर मी जीव ओतून तयार केला. मोह, तेंदू, चारोळी, हिरडा, आंबा, काही सोडलं नाही. प्रॅक्टिकलमध्ये कॉलेजच्या आवारातल्या झाडाची कैरी प्रत्येकाला द्यायची आणि तक्त्यात चार रकाने भरून घ्यायचे: रंग, वास, स्पर्श, चव. एकही रकाना कोरा राहिला तर नमुना रद्द. प्रॅक्टिकलला वेगळं पास व्हायचं. हा सगळा कडकपणा माझाच, आणि त्याचा मला अभिमान होता. बायकोला मी तक्ता वाचून दाखवला.

"कैरीची परीक्षा?" ती म्हणाली. "त्यात तं आमी शाळेत जायच्या आधीच पास झालो."

परीक्षा एप्रिलमध्ये आली. बाहेरून आलेले परीक्षक पश्चिमेकडचे, सज्जन, इस्त्रीचा शर्ट घालणारे, आणि नियमाला फार धरून असलेले. अकरा पोरं होती. मी स्वतः कैरी कापली, स्वतःच्या खिशातलं मीठ काढलं आणि एक फोड खाऊन दाखवली, म्हणजे पोरांची भीड चेपावी. भीड फक्त माझीच चेपली होती. मी तीन फोडी खाल्ल्या.

वीस मिनिटांनी परीक्षकांनी एक कागद माझ्यापुढे धरला. दुसऱ्या वर्षाची मुलगी, वर्गात सगळ्यात मागे बसणारी आणि सगळ्यात आधी लिहून होणारी. पहिले तीन रकाने मोत्यासारख्या अक्षरात भरलेले. चौथ्यात लिहिलं होतं: पंडुम झाल्यावर सांगीन.

"हा काय प्रकार आहे?" परीक्षकांनी विचारलं.

प्रकार मला माहीत होता, माहीत नसता तर बरं झालं असतं. आमच्याकडच्या माडिया गावांत नवं फळ गावाच्या पूजेआधी कोणी तोंडात घालत नाही. त्या पूजेला पंडुम म्हणतात. आंब्याचा पंडुम वेगळा आणि प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. वर्गातल्या बाकी माडिया पोरांच्या गावांत तो होऊन गेला होता, म्हणून ती मजेत कैरी चावत होती. हिच्या गावात व्हायचा होता. आणि एप्रिलमधल्या कैरीवर पेपर काढताना हे मला, जन्मभर याच भागात राहिलेल्या माणसाला, एकदाही आठवलं नव्हतं.

मी तिला व्हरांड्यात नेलं. "अगं, आंबट लिही आणि मोकळी हो."

"खाल्ली नाई, तं लिहू कशी?"

"कैरी आंबट नाही तर काय असते? साऱ्या जगाला माहीत आहे."

"सर, तुमीच सांगितलं होतं न, प्रॅक्टिकलमंधी आयकीव लिहाचं नाई. आपल्यानं जे पाह्यलं तेच लिहाचं."

सांगितलं होतं. दरवर्षी सांगतो, आवाज चढवून सांगतो. मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला, कारण ती बरोबर होती. आणि भीतीही वाटली. नापास मुलीला हॉस्टेलची खोली मिळत नाही. तिच्या गावाहून कॉलेजला रोज येणं म्हणजे एक नाला, दोन जंगलवाटा आणि एक काळीपिवळी, तीही भरली तरच सुटणारी. खोली गेली की तिचं शिक्षण संपलं, इतका सरळ हिशेब होता. आणि तो रिकामा रकाना ज्या नियमानं तिला नापास करणार होता, तो नियम माझ्या हातचा.

परीक्षक मात्र वाटले तितके कठोर निघाले नाहीत. "मी आता सिरोंचाच्या केंद्रावर चाललोय," ते म्हणाले. "शनिवारी याच रस्त्यानं परतेन. परीक्षा विभागानं परवानगी दिली तर तिचा तेवढा नमुना पुन्हा घेऊ. नाहीतर माझा नाइलाज."

मी परीक्षा विभागात फोन लावला. तिथले बाबू आरमोरीकडचे, आमच्याच बोलीतले.

"तारीख पुढं ढकलता येते सर, काऊन नाई येत? पण सक्षम अधिकाऱ्याचं पत्र लागते."

"कोणता सक्षम अधिकारी?"

"ज्याच्या हाती तारीख हाये तो."

"तारीख गावच्या गायत्याच्या हाती आहे," मी म्हणालो. गायता म्हणजे गावाच्या देवाचं सगळं पाहणारा माणूस.

"मंग त्याचं आणा," बाबू म्हणाले, आणि दुसऱ्या कोणावर तरी ओरडायला लागले.

बुधवारी मी त्या मुलीबरोबर काळीपिवळीत बसून तिच्या गावाला निघालो. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक पुढे असल्यामुळे दीड तास आम्ही एकाच ट्रकचा मागचा भाग पाहत गेलो. पोचलो तेव्हा माझे केस धुळीनं लाल झाले होते. तिच्या आईनं मला आधी पाणी प्यायला दिलं आणि मग, नीट पाहून, तोंड धुवायला दिलं. गायत्याची चौकशी केली तर तो गावात नव्हता.

"मिरच्या तोडाले गेला," तिचे वडील म्हणाले. गोदावरीपलीकडे, तेलंगणात. निम्मं गाव गेलं होतं. फोन? फोन गायत्याच्या मुलाकडे होता आणि मुलगा इथेच होता.

म्हणजे एका विद्यापीठाची परीक्षा तेलंगणातल्या मिरचीच्या वावरात अडकून पडली होती. मी दोन दिवस तिथेच राहिलो. मोहाचा शेवटचा बहर पडत होता, सगळं घर पहाटे टोपल्या घेऊन जंगलात जायचं. मीही गेलो. माझ्या टोपलीत दगडच जास्त निघतात म्हणून एका म्हातारीनं ती काढून घेतली आणि मला झाडाखाली बसवलं. वनोपज संकलन या विषयावर माझं बत्तीस पानांचं प्रकरण आहे.

गुरुवारी संध्याकाळी टेम्पो आला, त्यातून मिरच्यांची पोती उतरली आणि पोत्यांवरून गायता उतरला. बारीक, सत्तरीचा, शिंकणारा माणूस. तो माडिया बोलत होता आणि मुलगी मला मराठीत सांगत होती. मी सगळी हकिगत ऐकवली. त्यानं शांतपणे ऐकली आणि एकच विचारलं.

"तो विचारून राह्यला का तुमी आंबा खाल्ला काय."

खोटं बोलावंसं वाटलं, पण पोरगी समोर होती. "खाल्ला," मी म्हणालो. "आमच्यात असं काही नसतं."

गायत्याला माझी खरोखर कीव आली. त्यानं मुलीला काहीतरी म्हटलं. "तो म्हणते, मंग तुमाले समजते कसं का आता खावाचा?"

"बाजारात आला की," मी म्हणालो.

तिनं ते माडियात सांगितलं आणि अंगणातल्या सगळ्या बाया हसल्या. मोहाच्या टोपलीवाली म्हातारी सगळ्यात जास्त हसली.

शुक्रवारी सकाळी गायत्यानं गावाच्या झाडाची एक कैरी उतरवून मधोमध सुरी घातली. सुरी आरपार गेली असती तर कोय अजून कोवळी, मग आठवडाभर थांबायचं. मी श्वास धरून उभा होतो. पीएचडीच्या तोंडी परीक्षेत मी इतका घाबरलो नव्हतो. सुरी मध्ये जाऊन अडकली. कोय धरली होती. कोय धरली म्हणजे झाडानं पुढच्या झाडाची सोय केली, आता माणसानं खायला हरकत नाही, असं त्याचं म्हणणं मुलीनं मला सांगितलं. शाश्वत संकलन या नावाखाली मी हेच दोन आठवडे शिकवतो, आणि त्यात कैरीचा उल्लेख नाही.

दुपारी पंडुम झाला. मग आम्ही पत्र लिहायला बसलो. गायता सांगत गेला, मुलगी मराठी करत गेली, मी लिहीत गेलो: "आमच्या गावात आंब्याचा पंडुम आज झाला. आता ही पोरगी आंबा खाऊ शकते. विद्यापीठानंही खावा." खाली त्यानं अंगठा उठवला. पदनाम काय लिहावं असा मला प्रश्न पडला, आणि मी ठळक अक्षरांत 'सक्षम अधिकारी' असं लिहिलं. टेकडीवर जाऊन रेंज धरली आणि फोटो पाठवला. बाबूंचं उत्तर आलं: "चालते. मूळ प्रत पोस्टानं पाठवा."

शनिवारी परीक्षक आले. मुलीनं गावच्या झाडाची कैरी आणली होती. स्वतः कापली, एक फोड तोंडात घातली आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिली. आम्ही दोघं पुरुष तिच्याकडे बघत होतो. मग तिनं पेन घेतलं आणि चौथा रकाना भरायला घेतला. रकाना पुरला नाही. ती मागच्या पानावर गेली.

परीक्षकांनी ते मोठ्यानं वाचलं. सालीजवळ तुरट. मधे आंबट, पण जिभेच्या कडेला, टोकाला नाही. कोयीजवळ कडवट, आणि गिळल्यावर जराशी गोडी. देठाकडची फोड जास्त तुरट. त्यांनी एक फोड उचलली, सालीकडून कोयीकडे चावत गेले आणि मान हलवली. मग बाकीच्या दहा जणांचे कागद काढले. दहाही रकान्यांत एकच शब्द होता: आंबट.

"तुमची उत्तरसूची बघू," ते मला म्हणाले.

मी दिली. त्यात चवीपुढे आंबट असंच लिहिलं होतं.

"हे लिहिताना कैरी कुठली घेतली होती?"

परीक्षा विभागाला उत्तरसूची आधी पाठवावी लागते. मी ती घरी, टेबलाशी बसून लिहिली होती. "जानेवारीत लिहिली," मी म्हणालो.

मुलगी सुरी पुसत होती. तिनं वर न बघता, माझी चूक काढायची म्हणून नव्हे, नुसती माहिती म्हणून सांगितलं, "जानेवारीत तं झाडाले मोहोर राह्यते सर."

परीक्षकांनी माझी उत्तरसूची घडी घालून मला परत दिली आणि तिच्या कागदावर पूर्ण मार्क लिहिले.