थंड म्हणजे गार नव्हे

आमच्या आत्याला दवाखान्यात सगळे भडकाताई म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी छाती डॉक्टरांचीही नाही. जनावरांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत ती लेझरचं यंत्र चालवते. सांधे धरलेल्या कुत्र्यामांजरांना काळा चष्मा चढवायचा, स्वतःही घालायचा आणि दुखऱ्या जागेवरून लाल उजेडाची दांडी सावकाश फिरवायची. जनावरांशी बोलणं लोण्यासारखं. मालक दिसला की तापल्या तव्यावर पाणी.

"भाजणार नाही ना हो?" प्रत्येकजण विचारतो.

"थंड लेझर आहे. बसा." चार शब्द. पाचवा मागितला तर डोळे.

एका म्हाताऱ्या घड्याळजींची चौदा वर्षांची कुत्री आली. मागचे पाय लाकडासारखे. डॉक्टर म्हणाले, "सहा वेळा करून बघू. नाहीच उठली तर सुई देऊन सोडवू बिचारीला." पाच वेळा झालं. कुत्री उलट जास्तच आखडली. घरी आत्या भांडी आपटू लागली. "यंत्र बिघडलंय, डॉक्टर बिघडलाय, जग बिघडलंय!" आतोबांनी गुपचूप चहा पुढे केला, तर तोही बिघडलेला निघाला.

सहाव्या खेपेला कुत्रीच्या कमरेवर हात ठेवला आणि आत्या थबकली. "ही ओली कशी? बाहेर तर ऊन रखरखतंय."

"आज पुसायला वेळ नाही मिळाला," घड्याळजी ओशाळून म्हणाले. "पण थंड मात्र व्यवस्थित करून आणलीय. दर वेळी आणतो. अर्धा तास बर्फाच्या पाण्यात."

"का?"

"तुम्हीच म्हणालात ना, थंड लेझर आहे. म्हटलं, अंग तापलेलं असलं तर लागू पडायचं नाही."

"अहो, थंड म्हणजे भाजत नाही! आखडलेल्या हाडांना बर्फ? उद्या कुणी गोड बातमी दिली तर साखर शोधाल का त्यात?"

घड्याळजी खिशातला रुमाल काढून तिची कंबर पुसायला लागले. "म्हणजे मीच तिला..."

"तुम्ही कसले? मी! आणखी दोन वाक्यं बोलले असते तर जीभ झडली असती का माझी?"

एवढ्यात डॉक्टर आत आले. "सहावी ना आज? मग ठरवायचं का?"

"पहिली!" आत्या कडाडली. "आधीच्या पाच पाण्यात गेल्या. सुईबिई काही नाही. एक कोरडी चादर द्या, आणि बाहेर व्हा!"

मग अर्धा तास तिने घड्याळजींना सगळं समजावलं: ऊब द्या, जिने चढवू नका, बरं वाटलं तरी पळवू नका. सगळं ओरडूनच, पण समजावलं.

नव्या मोजणीतल्या चौथ्या खेपेला कुत्री स्वतःच्या पायांवर उठली, दोन पावलं डगमगत गेली आणि यंत्राच्या स्टँडवर निवांत मुतली.

"बघत काय बसलात?" आत्या घड्याळजींवर खेकसली. "फडकं आणा! आणि हळू चाला, धक्का लागेल तिला!"