विश्रांती दिली की कुलूप नरमतं

माझे मामा कुलपांचे डॉक्टर आहेत, असं ते स्वतः सांगतात. पाटीवर मात्र नुसतंच 'किल्ल्या व कुलूप दुरुस्ती' लिहिलंय, कारण पाटी लहान आहे. दुकानही लहानच. चार मजली इमारतीच्या जिन्याखाली जी तिरकी जागा उरते, तिथं चौतीस वर्षं मामा बसतात. आत शिरताना प्रत्येक गिऱ्हाइकाचं डोकं एकदा तरी जिन्याला आपटतं. मामांचं कधी आपटलेलं नाही, आणि त्याचंही श्रेय ते घेतात.

दाराशी नक्कल किल्ली कापायचं यंत्र आहे. त्यावर मामी बसते. मामा तिला 'नक्कल विभाग' म्हणतात. "नक्कल दाराशी," ते गिऱ्हाइकाला सांगतात, "अस्सल काम आत." मामी यंत्र सुरू करते. त्या आवाजात पुढचं वाक्य बुडून जातं, आणि मला वाटतं ती मुद्दामच करते.

मामांचा एक सिद्धांत आहे. कुलूप हट्टी माणसासारखं असतं, त्याला ढकलायचं नाही, विचारायचं. अर्धा तास विचारूनही ते बधलं नाही, तर मामा त्याला फडक्यावर ठेवतात, हात पुसतात आणि जाहीर करतात, "विश्रांती द्या त्याला. विश्रांती दिली की कुलूप नरमतं." मग गिऱ्हाइकाला, आणि मी असलो तर मलाही, घेऊन कोपऱ्यावर चहा प्यायला जातात. परत येऊन तार घालतात आणि दोन मिनिटांत खट्! हे मी डझनभर वेळा डोळ्यांनी पाहिलंय. लोक लांबून कुलपं घेऊन येतात ती या चहासाठी.

मी त्यांचा भाचा. मालवाहतुकीच्या ऑफिसात नोकरी लागली म्हणून महिनाभरासाठी त्यांच्याकडे राहायला आलो, त्याला आता दोन वर्षं झाली. येताना मी कपड्यांच्या तीन जोड्या आणि टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा आणला होता. कपडे फाटले, डबा राहिला.

गेममध्ये एक वीर आहे. तो जंगलातून, किल्ल्यांतून हिंडतो, राक्षस मारतो, आणि अनुभव साठला की त्याची पायरी वाढते. दर पायरीला एक पॉइंट मिळतो. तो कुठल्या कौशल्याला द्यायचा ते आपण ठरवायचं: तलवार, धनुष्य, जादू, झाडपाला, गोड बोलणं, वगैरे. मामा हे सगळं पेपरच्या आडून तुच्छतेनं बघायचे. एका संध्याकाळी वीर एका पेटीपाशी पोचला आणि पेटीला कुलूप निघालं. मामांनी पेपर खाली ठेवला.

"सरक," ते म्हणाले.

त्या दिवसापासून वीर मामांचा झाला. यादीत 'कुलूप उघडणे' हेही एक कौशल्य होतं. पहिला पॉइंट मिळाल्यावर मी म्हटलं, "मामा, तुमच्यासाठीच ठेवलंय बघा."

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मला? कुलूप? अरे, हातच्या काकणाला आरसा कशाला? जे येतं ते परत शिकायचं, म्हणजे चौतीस वर्षं मी काय गवत उपटलं?"

"तुम्हाला येतं हो. त्या वीराला येत नाही."

"वीर कोण चालवतोय?"

यापुढे वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मामांनी पॉइंट झाडपाल्याला दिला. पुढचे गोड बोलण्याला. वीर चार तऱ्हेचे काढे करायला शिकला, व्यापाऱ्यांशी लाघवी बोलायला लागला, पण लाकडी पेटीपुढं त्याचं घोडं अडायचं. तारेमागून तार मोडायची, आणि पडद्यावर त्याच्या नावापुढं यायचं: 'कुलूप: शिकाऊ'. शेवटी किल्ल्यातलं लोखंडी दार आलं. पुढची सगळी गोष्ट त्या दारापलीकडे. मामा पंधरा दिवस त्या दारापुढं बसून होते. चुकूनमाकून लांडगे मारून सात पॉइंट साठले होते, ते तसेच पडून. "मशीन आहे ते," मामा म्हणायचे. "त्याला माणसाची पारख कुठली!"

असाच अपमान पालिकेनंही केला होता. एक पत्र आलं होतं: कुलपं उघडणाऱ्या प्रत्येक दुकानात निदान एकाकडे तरी कौशल्याचं प्रमाणपत्र हवं, नाहीतर एक तारखेपासून दुकानाला सील. परीक्षा तांत्रिक शाळेत, तीन कुलपं, चाळीस मिनिटं. "माझी परीक्षा घेणारा अजून जन्माला यायचाय," असं म्हणून मामांनी ते पत्र खिळ्यांच्या खणात तळाला अंथरलं होतं.

आणि एका संध्याकाळी लोखंडी दार उघडलं. पहिल्याच तारेला. मामा खुर्चीतून उठले. "ओळखलं!" ते ओरडले. "उशिरा का होईना, पण ओळखलं!"

त्यांना आनंदात सोडून मी कौशल्यांचं पान उघडलं. साठलेले सात पॉइंट गायब. 'कुलूप: पारंगत'.

स्वयंपाकघरात मामी मटार सोलत होती.

"मामी, तू?"

"दुपारी दुकान बंद असतं तेव्हा केलं. पंधरा दिवस चेहरा बघवत नव्हता त्यांचा. बोलू नकोस."

"पण ही फसवणूक झाली."

"हिला फसवणूक म्हणतोस?" ती हसली. "मग दुकानातलीला काय म्हणशील?"

मी खाली बसलो. तिनं सोलता सोलताच सांगितलं. बारा वर्षांपूर्वी दुकानाचं शटर मामांच्या उजव्या हातावर पडलं. हाड जुळलं, पण दोन बोटांना तेव्हापासून काही कळत नाही. कुलपाच्या आतली पिन हलली की नाही, ते बोटांनीच तर कळायचं.

"डॉक्टरांना सांगितलं नाही, मलाही नाही. विश्रांती द्या म्हणून पहिल्यांदा गेले ना, तेव्हा चहा प्यायलेच नाहीत. कोपऱ्यावर नुसते उभे होते. मी बघत होते. परत येईपर्यंत मी ते कुलूप उघडलं, अडकलेली पिन मोकळी केली, तेल सोडलं आणि पुन्हा बंद करून फडक्यावर ठेवलं."

"तुला येतं?"

"इतकी वर्षं बघतेय. नक्कल करायची तर बघावंच लागतं."

मला तिचा राग आला, आणि लगेच माझाच आला. डझनभर वेळा ते 'खट्' ऐकून मी टाळी वाजवली होती, आणि त्या प्रत्येक वेळी हिच्या हाताला तेल लागलेलं असायचं. यंत्राचं असेल, असं मी समजत होतो.

"कधी सांगणार त्यांना?"

"सांगायला काय झालं! तोंड उघडलं की झालं. पण ह्या कुलपांखेरीज त्यांना दुसरं काय आहे?"

तेवढ्यात बाहेरून मामांचा आवाज आला. "अगं, तो पालिकेचा कागद कुठं गेला? देऊनच टाकतो परीक्षा! मशीननं मानलं, आता माणसांनाही मानू दे!"

मामीच्या हातातली शेंग तशीच राहिली. परीक्षेत चहाची सुट्टी नसते, हे तिच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं. मामा चार लोकांसमोर उघडे पडणार होते, दुकान जाणार होतं, आणि हे सगळं तिनं प्रेमानं दिलेल्या सात पॉइंटांमुळे.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन अर्ज भरले. "सोबत म्हणून," ती मामांना म्हणाली.

"ये, ये," मामा उदारपणे म्हणाले. "बघशील तरी."

तांत्रिक शाळेत टेबलं मांडली होती. प्रत्येकावर पकडीत घट्ट बसवलेली तीन कुलपं. सोबत आलेल्यांना मागच्या बाकांवर बसायची मुभा होती, म्हणून मला सगळं दिसलं. मामांनी पहिलं उघडलं. दुसरंही उघडलं, घामाघूम होऊन. तिसऱ्याला ते विचारत राहिले, विचारत राहिले. त्यांच्या तीन तारा मोडल्या. मला त्या लोखंडी दाराची आठवण झाली.

मामांनी हात वर केला. "चहाची सुट्टी आहे का?"

परीक्षक तरुण होता. "नाही, काका."

"मग मी विश्रांती कशी देऊ?"

"तुम्ही घ्या ना विश्रांती. वेळ मात्र थांबणार नाही."

मामांनी मान वळवली. दोन टेबलं सोडून मामी बसली होती. तिची तिन्ही कुलपं उघडी होती आणि हात मांडीवर होते. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. मामा त्या तीन कुलपांकडे बघत राहिले, आणि उरलेली नऊ मिनिटं त्यांनी तार उचलली नाही.

घरी आल्यावर ते टीव्हीसमोर बसले. लोखंडी दार आल्यापासून मी कितीदा सांगूनही न बघितलेलं कौशल्यांचं पान त्यांनी स्वतः उघडलं.

"हे सात कधी गेले?"

मी मामीकडे पाहिलं.

"मागच्या आठवड्यात, दुपारी," मामी म्हणाली.

"आणि दुकानात?"

"बारा वर्षं झाली."

आता भांडण होणार, असं मला वाटलं. मामांनी फक्त उजव्या हाताची दोन बोटं डाव्या हातात धरली आणि बराच वेळ चोळली. मग टीव्ही बंद केला. आठवडाभर ते दुकानात गेले, बसले, आले. सिद्धांत एकही मांडला नाही. मामीही यंत्र हळूच चालवायची. ते घर इतकं शांत झालं की मला माझ्या नोकरीवर जायची ओढ वाटायला लागली, यावरून काय ते समजा.

प्रमाणपत्र आलं, मामीच्या नावाचं. मामांनी खिळा स्वतः ठोकला. वाकडा ठोकला, पण ठोकला.

त्याच दिवशी एक आजीबाई जुन्या ट्रंकेचं कुलूप घेऊन आल्या. शनिवार होता, मी तिथंच होतो. "तुमचं फार नाव ऐकलंय," त्या मामांना म्हणाल्या. मामांनी अर्धा तास तार फिरवली. मग हात पुसले. कुलूप उचललं आणि रोजच्या फडक्यावर न ठेवता मामीच्या यंत्राशेजारी नेऊन ठेवलं.

"विश्रांती द्या ह्याला," ते म्हणाले. "मी चहा पिऊन येतो."

मामीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते एकटेच गेले. तिनं आजीबाईंसमोरच तार घेतली आणि चार मिनिटांत कुलूप उघडलं. या वेळी ते परत बंद केलं नाही.

मामा आले ते दोन्ही हातांत दोन कप घेऊन. आजीबाई भारावल्या होत्या. "काय हो जादू तुमची! तुम्ही नुसती विश्रांती दिलीत, आणि ह्यांनी तार लावताच उघडलं की!"

बारा वर्षं मामांनी अशी वाक्यं आनंदानं गिळली होती. हेही आयतं आलं होतं.

"पाटी बदलायचीय आमची," मामा म्हणाले. "अस्सल काम आता दाराशी होतं. आत नक्कल विभाग आहे."

मामीच्या पुढ्यात एक कप ठेवून, दुसरा सांभाळत ते आत वळले, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं डोकं जिन्याला आपटलं. चांगलं जोरात. निम्मा चहा सांडला.

"लागलं का हो?" मामीनं विचारलं.

"लागलं," मामा म्हणाले.