रुख्माबाईचं माहेरपण

पुनारामची थोरली बहीण रुख्माबाई भाऊबीजेला मध्य प्रदेशातल्या रामपायलीला आली ती चार दिवसांसाठी. येताना एक पिशवी, दोन लुगडी आणि गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली एवढंच तिनं सोबत आणलं होतं. चार दिवसांचे आठ झाले. मग धानाची कापणी आली, घरातले सगळे शेतावर, तेव्हा घरी कोणीतरी हवं म्हणून ती राहिली. कापणी संपली तरी जाण्याचा विषय तिनं काढला नाही, आणि पुनारामनंही काढला नाही.

दोघंही ऐंशीच्या आसपासची. पुनारामची बायको जाऊन बराच काळ लोटला होता. रुख्माबाईचं सासर पलीकडे महाराष्ट्रात, तुमसरच्या बाजूला. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. दिराचा मुलगा भोजराज याला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं होतं आणि म्हातारपणी त्याच्याच घरी ती राहत होती. भाऊ-बहीण एकमेकांना भेटत ते सणावारी, लग्नामौतीला. तिचं लग्न झालं तेव्हा पुनाराम लहान होता, त्यामुळे कळत्या वयात एका घरात सलग राहण्याची वेळ दोघांवर आता पहिल्यांदाच आली होती.

पुनारामचा मुलगा राजेंद्र वारासिवनीला राईस मिलमध्ये कामाला जायचा. सून राखी अंगणवाडीत. दुपारी घर रिकामं व्हायचं. मग रुख्माबाई ओसरीवर कोळशानं चौकोन आखायची, चिंचोके फोडून घ्यायची आणि दोघं अष्टाचंगा खेळायला बसायची. तिच्या सोंगट्या म्हणजे बांगडीचे तुकडे, त्याच्या म्हणजे तुरीचे दाणे. ती सरळसरळ लबाडी करायची. चिंचोके पडले की बोटानं एखादा हळूच उलटवायची.

"बाई, तुनं चिंचोका फिरवला," पुनाराम म्हणायचा.

"तुले मोतीबिंदू. तुले काय दिसते?"

एकदा तो एवढा चिडला की दोन दिवस बोलला नाही. जेवायलाही पाठ करून बसला. राखी माहेरची बालाघाटची, मराठी कळायची पण बोलताना हिंदीवर यायची. तिनं दोघांच्या मध्ये चहा ठेवला आणि सांगितलं, "बाबूजी, अब मैं भी खेलूँगी. बघते कोण लबाडी करते." त्या दिवशी तिघं खेळली. राखी हरली, आणि तिला हरवताना दोघं म्हातारी एक झाली.

उन्हाळ्यात रुख्माबाईचं जेवण तुटलं. पायावर सूज आली, चार पावलं चाललं की धाप लागायची. राजेंद्रनं बालाघाटला नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं आहे, गोळ्या द्या, बाकी तिच्या मनासारखं राहू द्या. घरच्यांनी ते भोजराजला फोनवर कळवलं आणि दोन दिवसांनी तो भाड्याची गाडी घेऊन आला.

भोजराज वाईट माणूस नव्हता. त्यानं मोठमायचे, आपल्या थोरल्या काकूचे, पाय चेपले, तिच्यासाठी आणलेल्या डाळिंबाचे दाणे स्वतः सोलून दिले. मग पुनारामला बाजूला घेऊन सांगितलं की तिला आता घरी न्यायला हवं. बाईमाणसाचा शेवट सासरच्या दारात झाला पाहिजे. उद्या काही झालं तर गाव त्यालाच नावं ठेवील की म्हातारीला माहेरी टाकून दिलं.

पुनारामनं मान हलवली. जन्मभर तो असाच मान हलवणारा होता. वडिलांपुढे, मोठ्या चुलत्यांपुढे, पुढे मुलापुढेही. राखीनं डोळे पुसत पिशवी भरली. राजेंद्रनं रुख्माबाईला धरून अंगणात आणलं. भोजराजनं गाडीचं दार उघडलं तसा पुनाराम पुढे झाला आणि त्या दारावर हात ठेवून उभा राहिला.

"भोजराज, तिले विचारलं का तू?"

राजेंद्रनं बापाकडे पाहिलं. रुख्माबाईला उभं राहवत नव्हतं, राखीनं तिला पायरीवर बसवलं. श्वास जुळायला तिला वेळ लागला.

"भोजा," ती म्हणाली, "मी तुयाच घरची आहो. तुले कोणी बोलंल तर सांगजो, म्हातारी हट्टी होती. पण मले येथं राहू दे."

भोजराज तिच्याशेजारी पायरीवर बसला. मग चहा प्यायला, आणि निघताना राजेंद्रला एवढंच म्हणाला की वेळेवर फोन करा. गाडी रिकामी गेली.

त्यानंतर ती पूर्ण पावसाळा जगली, दिवाळीही पाहिली. बसवत नसे तेव्हा पडल्या पडल्या चिंचोके टाकायची आणि सोंगट्या पुनाराम सरकवायचा. कार्तिकाच्या जत्रेत तिला जायचंच होतं. राजेंद्रनं ई-रिक्षात घालून राममंदिरापर्यंत नेलं. तिनं गर्दी पाहिली, गरम जिलेबीचा एक तुकडा जिभेवर ठेवला आणि घरी चला म्हणाली.

माघात एका सकाळी चहा मागितला आणि तो यायच्या आत ती गेली.

रीतीप्रमाणे तिच्या अंगावर घालायला भोजराज सासरचं लुगडं घेऊन आला. माहेरचं लुगडं राखीनं आधीच आणून ठेवलं होतं. आधी कोणतं घालायचं यावर बायका कुजबुजू लागल्या, तेव्हा भोजराजनंच सांगितलं की वर माहेरचं राहू द्या. चंदन नदीच्या काठी अग्नी त्यानं दिला. पुनाराम बाभळीखाली बसून होता.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर भोजराज परत निघाला. पुनारामनं त्याला ओसरीवर बसवून घेतलं आणि बहिणीचं तिकडचं आयुष्य कसं गेलं ते विचारलं. भोजराज सांगत गेला. ती धान रोवताना सगळ्या बायांच्या पुढे असायची. पोहायला तिनंच त्याला शिकवलं, गावच्या तलावात. नवरा गेल्यावर वर्षभर कोणाशी बोलली नव्हती. नंतर पोरांत पोर होऊन गोट्या खेळायची.

"हे मले तिनं कधी सांगतलं नाही," पुनाराम म्हणाला.

भोजराजची बसची वेळ होत आली होती. पुनारामनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"यानंतरच्या बसनं जाजो. अजून सांग."