टाकीवरचा पत्रा

नवरा गेला आणि बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याची राखण मावशींकडे आली. तो तिथेच बॉयलरवर कामाला होता. मावशींचं बोलणं फटकळ, पण कामात कसूर नाही.

मागच्या भिंतीला खिंडार पडलं होतं. पलीकडच्या शिवणकामाच्या कारखान्यातल्या बायका बस गाठायला तिथूनच शिरायच्या आणि आवार तिरकं कापून पुढच्या रस्त्याला लागायच्या. मावशी हाकलून हाकलून थकल्या. त्यांना धास्ती चोरीची नव्हती. वाटेतच गवतात पुरुषभर खोल टाकी होती आणि तिच्यावरच्या पत्र्याची गंजून चाळण झाली होती.

मालकाच्या मॅनेजरच्या कानावर त्यांनी तीनदा घातलं.

“आत येऊ नये अशी पाटी लावलीय ना?” तो म्हणाला. “तरी घुसतात, तर त्यांचं ते बघतील.”

एका दुपारी किंकाळी आली. एक शिवणारीण पत्र्यासकट खाली गेली होती. मावशी शिडी लावून उतरल्या. तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. माणसं येईपर्यंत तिनं मावशींचा हात सोडला नाही.

तिनं मालकावर भरपाईचा दावा लावला आणि प्रकरण कोर्टात गेलं. मॅनेजर मावशींच्या घरी येऊन बसला. “पाटी होती, एवढंच सांगायचं. टाकीचं नाव तोंडातून काढू नका.”

तो गेल्यावर धाकटी बहीण म्हणाली, “ताई, नोकरीवर पाणी सोडशील. गप्प बस ना!”

“तीनदा सांगून गप्प बसले म्हणूनच ती पडली गं. चौथ्यांदा मीच आडवी फळी टाकायला हवी होती.”

कोर्टात मालकाच्या वकिलानं विचारलं, “ती बाई परवानगीशिवाय आत आली होती ना?”

“आली होती. चुकलंच तिचं.”

“मग मालकाचा काय दोष?”

“रोज बायका जातात हे त्यांना ठाऊक होतं. पत्रा सडलाय हेही ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं. विनापरवाना आली म्हणून काय माणसाचं हाड मोडू द्यायचं?”



न्यायाधीशांनी थोडा दोष शिवणारणीवर ठेवला, मोठा मालकावर. धोका माहीत असून उघडा ठेवला, तर आत चोरून आलेल्याबद्दलचीही मालकाची जबाबदारी टळत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

त्याच आठवड्यात मावशींना कामावरून काढलं. फाटकाची किल्ली त्यांनी मॅनेजरच्या टेबलावर आपटली आणि म्हणाल्या, “टाकीवर स्लॅब पडेपर्यंत मी रोज खिंडाराबाहेर बायकांना अडवत उभी राहणार. बाहेरचा रस्ता सरकारी आहे, तिथून मला कोण उठवतंय बघते.”

नऊ दिवस त्या उभ्या होत्या. दहाव्या दिवशी गवंडी आला.